केस लढवण्यापेक्षा मिटवणारी फर्म: लंडनच्या एका इमिग्रेशन सॉलिसिटरचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच. फर्मचं नाव मात्र लिहीत नाही. मुलं इथल्याच शाळेत जातात, आणि नाव दिलं की केस कोणाची हे आमच्या भागातल्या निम्म्या मराठी घरांना लगेच कळेल. पश्चिम लंडनमध्ये दुकानांच्या रांगेवर, पहिल्या मजल्यावर, चार-पाच माणसांचं ऑफिस आहे एवढं पुरे. मुख्य सॉलिसिटर पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती घरातल्या, पन्नाशीच्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो, त्यांना ते आवडायचं नाही, आम्ही तरी म्हणायचो.

काम काय होतं ते आधी सांगते, म्हणजे पैसे कशाचे दिले ते समजेल. नवरा वर्क व्हिसावर होता. त्याच्या कंपनीचं स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी माणसांना व्हिसावर नोकरी देण्याचा परवाना, गेलं, व्हिसाची मुदत कापून साठ दिवसांवर आली, तेवढ्यात दुसरी कंपनी मिळाली नाही, आणि आम्ही इथेच राहिलो. ते योग्य की अयोग्य यावर ज्याला मत द्यायचं त्याने खुशाल द्यावं, हा रिव्ह्यू फर्मचा आहे. थोरली २०१४ साली इथेच जन्मली, धाकटाही इथलाच. थोरलीला सात वर्षं पूर्ण झाल्यावर, २०२२ च्या सुरुवातीला, मानवाधिकाराच्या आर्टिकल ८ खाली म्हणजे खासगी आणि कौटुंबिक जीवनाच्या हक्कावर चौघांचा अर्ज केला. २०२३ मध्ये होम ऑफिसकडून, म्हणजे इथल्या गृहखात्याकडून, नकार आला. वर चौघांना देशाबाहेर काढण्याची नोटीस आणि नवऱ्याला दर पंधरवड्याला साइनिंग, म्हणजे त्यांच्या ऑफिसात जाऊन हजेरीची सही.

नुसता नकार असता तर फर्स्ट-टिअर ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे खालच्या न्यायाधिकरणात, अपील होतं. सुनावणीसकट माणशी १४० पौंड फी, जज समोर, आपण बोलायचं. पण आमच्या पत्रात शेवटून दुसऱ्या पानावर एक परिच्छेद होता: दावा २००२ च्या कायद्याच्या कलम ९४ खाली 'क्लिअरली अनफाउंडेड' म्हणून सर्टिफाय केला आहे. म्हणजे दावा इतका पोकळ की अपिलात टिकण्याची शक्यताच नाही, म्हणून अपिलाचा हक्कही नाही. उरतो तो फक्त ज्युडिशियल रिव्ह्यू, इथले लोक जेआर म्हणतात तो, म्हणजे सरकारचा निर्णय कायद्याला धरून झाला का एवढंच तपासणारा दावा. तोही तातडीने, आणि काही झालं तरी निर्णयाच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत.

हा परिच्छेद आम्हाला आधी भेटलेल्या कन्सल्टंटने वाचलाच नव्हता. त्याचं म्हणणं, नवा अर्ज टाकू, पहिला विसरा. त्याची फी रोख, पावती नाही, भेट एका केकच्या दुकानात. इथे इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा तर माणूस एकतर सॉलिसिटर, बॅरिस्टर वगैरे हवा नाहीतर रेग्युलेटरच्या रजिस्टरवर नोंदलेला हवा. १९९९ च्या कायद्याप्रमाणे त्याशिवाय सल्ला देणं गुन्हा आहे. तो रेग्युलेटर तेव्हा ओआयएससी होता, जानेवारी २०२५ पासून त्याचं नाव इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटी झालंय. रजिस्टर ऑनलाइन आहे, फुकट आहे, नाव टाकून दोन मिनिटांत दिसतं. दिरांनी तपासलं, त्या माणसाचं नाव नव्हतं. विषय संपला.

मग दिरांच्या ऑफिसातल्या कोणीतरी या फर्मचं नाव सुचवलं. पहिल्या भेटीची फी १५० पौंड अधिक व्हॅट. चहा नाही, हीटर बंद, खुर्च्या एकमेकींना न जुळणाऱ्या. मॅडमनी आमची कहाणी ऐकलीच नाही. पत्र मागितलं, पेन्सिल घेतली आणि वाचत बसल्या. मधे नवऱ्याने दोनदा बोलायला सुरुवात केली, दोन्ही वेळा डावा हात वर करून थांबवलं. वाचून झाल्यावर त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या: मुलीच्या सात वर्षांत कुठे खंड आहे का, घरात कोणाला कसली शिक्षा झालीय का, आणि पत्र नेमकं कोणत्या तारखेला हातात पडलं.

शिक्षेचा प्रश्न का, ते तिथेच कळलं. आपल्यात सगळ्यालाच डिपोर्टेशन म्हणतात, पण ज्याला बारा महिने किंवा जास्त कैद झालीय अशा परदेशी माणसाचं डिपोर्टेशन २००७ च्या वेगळ्या कायद्याखाली येतं, आणि तिथे कुटुंबाचा हक्क सांगणं फार जड जातं. आमचं प्रकरण रिमूव्हलचं, म्हणजे नुसतं व्हिसा संपला म्हणून देशाबाहेर पाठवण्याचं. पायरी वेगळी, कसोटी वेगळी. मॅडम दोन्ही करतात, पण पहिल्या प्रकारच्या केसला त्या भरपूर जास्त पैसे आणि वेळ सांगतात, हे बाहेर बसलेल्या एका जमैकन आजींकडून कळलं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं की तुम्ही जिंकाल असं मी म्हणणार नाही. कायद्यात आमच्या बाजूने एक कलम आहे, ११७बी, पोटकलम ६. मूल ब्रिटिश असेल किंवा सलग सात वर्षं इथे राहिलेलं असेल, आई-वडिलांचं त्याच्याशी खरंखुरं नातं असेल, आणि त्या मुलाने देश सोडावा अशी अपेक्षा करणं रास्त नसेल, तर आई-वडिलांना बाहेर काढण्यात सार्वजनिक हित नाही. ऐकायला किती छान! पण त्यातल्या 'रास्त' या शब्दावर सगळं घोडं अडतं. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने केओ नायजेरिया या निकालात सांगितलं की रास्त आहे का हे प्रत्यक्ष परिस्थितीत पाहायचं, आणि आई-बाप दोघांनाही इथे राहायचा हक्क नसेल तर मूल त्यांच्यासोबत जाईल ही साहजिक अपेक्षा असते. त्याच निकालात हेही आहे की आई-बापाच्या वागण्याचा दोष मुलाच्या माथी मारायचा नाही. म्हणजे दोन्हीकडे ओढता येतं. नवऱ्याचा चेहरा पडला. त्याला कोणीतरी सांगून ठेवलं होतं, सात वर्षं झाली की झालं.

'पण आपल्याला आज हे जिंकायचंच नाहीये,' मॅडम म्हणाल्या. 'आपल्याला एवढंच दाखवायचंय की हा दावा पोकळ नव्हता.' सर्टिफिकेटची कसोटी फार वरची आहे. कुठल्याही समजूतदार जजपुढे दावा हरणारच, असं असेल तरच ते लावता येतं. ज्या मुद्द्यावर सुप्रीम कोर्टालाच दोन्ही बाजू तोलाव्या लागतात तो पोकळ कसा? शिवाय २००९ च्या कायद्याच्या कलम ५५ खाली मुलाचं हित मुळापासून तपासणं बंधनकारक आहे. आमच्या पत्रात मुलीच्या हिताला चार ओळी मिळाल्या होत्या. त्यातली एक, घरी मराठी बोलतात म्हणून मिरजेत जुळवून घेईल. आमच्या पोरीचं मराठी 'आई, मला हे नको आहे इट' या दर्जाचं आहे.

आणि पुढचं वाक्य मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं होतं. जेआर पूर्ण लढून जिंकलात तरी कोर्ट तुम्हाला व्हिसा देत नाही. कोर्ट निर्णय रद्द करतं आणि खात्याला सांगतं, पुन्हा निर्णय घ्या. बस. तेव्हा समोरची बाजू उद्या स्वतःहून म्हणाली की आम्ही निर्णय मागे घेतो आणि नव्याने पाहतो, तर तुम्हाला आज तेच मिळालं जे वर्षभराने मिळालं असतं. म्हणून पहिल्या पत्रापासून मिटवण्याच्या दृष्टीनेच लिहायचं.

हे इतक्या सरळ शब्दांत आम्हाला तोवर कोणीच सांगितलं नव्हतं. सगळे एकतर 'फाइट करू' म्हणत होते नाहीतर 'होत नाही' म्हणत होते.

फी टप्प्याटप्प्याने ठरली आणि लेखी दिली. दाव्याआधी खात्याला द्यायच्या नोटिशीचं पत्र एक रक्कम, जेआर दाखल करणं दुसरी, तो पुढे चालवायला कोर्टाची परवानगी लागते तिची तोंडी सुनावणी लागली तर तिसरी, प्रत्येकावर वीस टक्के व्हॅट, बॅरिस्टर आणि कोर्टाची फी निराळी. हरलो तर समोरच्याचा खर्चही अंगावर येऊ शकतो, हे ठळक टाइपात. लीगल एडचं, म्हणजे सरकारी खर्चाने मिळणाऱ्या वकिलाचंही त्यांनीच आधी काढलं, आम्हाला माहीत नव्हतं. २०१३ च्या एप्रिलपासून आर्टिकल ८ ची साधी प्रकरणं लीगल एडमधून बहुतेक वगळलीत, पण जेआरला ती अजून मिळू शकते, उत्पन्नाची अट आहे. आमचं त्यात बसलं नाही, पण आपलं गिऱ्हाईक जाईल अशी माहिती स्वतःहून देणारा वकील मी पहिल्यांदाच पाहिला.

आता कागदांबद्दल, कारण खरं काम इथे झालं. पत्रात नकाराचं एक कारण असं होतं की मुलीचा सात वर्षांचा 'सलग' वास सिद्ध होत नाही. २०१७ च्या उन्हाळ्यापासून पुढे काही महिन्यांचा कागद नव्हता. एक नर्सरी बंद झाली होती, दुसरी सुरू व्हायची होती, आणि त्याच काळात आम्ही घर बदललं. तुम्ही तेव्हा भारतात नव्हता कशावरून, असा रोख. फर्ममधली केसवर्कर, पंचविशीची पोलिश मुलगी, तिने मला बसवून घेतलं आणि म्हणाली, रेड बुक आणलंय का? इथे प्रत्येक बाळाला जन्मल्यावर लाल पुठ्ठ्याची आरोग्याची वही मिळते, वजन, उंची, लसी, हेल्थ व्हिजिटरच्या सह्या. आमचं ड्रॉवरच्या तळाशी होतं, पुठ्ठ्यावर हळदीचा डाग. तिने पानं उलटली आणि एका नोंदीवर बोट ठेवलं: तीन वर्षं चार महिन्यांचा प्री-स्कूल बूस्टर आणि एमएमआरचा दुसरा डोस. तारीख त्या खंडाच्या बरोबर मधली, खाली आमच्या सर्जरीचा, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्याचा, शिक्का आणि नर्सची सही.

एवढ्यावर ती थांबली नाही. जीपीकडून, म्हणजे फॅमिली डॉक्टरांकडून, पूर्ण रेकॉर्ड मागवायला लावलं, कारण वहीतली नोंद हाताने लिहिलेली असते आणि तिच्यावर कोणी बोट ठेवू शकतो, पण सर्जरीच्या कॉम्प्युटरमधली नाही. त्यात आणखी दोन भेटी निघाल्या, एक कानाच्या इन्फेक्शनची, एक मी विसरूनही गेले होते ती पडून हनुवटी फुटल्याची. सलग वासात थोडीफार अनुपस्थिती नियमात चालते, एका वेळी सहा महिन्यांपर्यंत, पण मॅडमचं म्हणणं, सवलत मागण्याची वेळच येऊ द्यायची नाही. शेवटी त्या खंडाला महिन्याला किमान एक कागद झाला.

उलट एका बाबतीत त्यांनी हात आखडला, आणि मला तेही आवडलं. दिरांना वाटत होतं की मुलीचा मानसशास्त्रज्ञाकडून रिपोर्ट घ्यावा, कोणाच्या तरी केसमध्ये उपयोगी पडला होता. त्याचे हजाराच्या वर पौंड होतात. मॅडम म्हणाल्या, मुलगी खुशाल आहे, शाळेत रमलीय, खेळतेय, तिला आजारी ठरवायला पैसे घालू नका. खुशाल आहे हीच आपली केस आहे. त्यापेक्षा शाळेकडून पत्र घ्या, पण 'शी इज अ लव्हली गर्ल' छापाचं नको. कोणत्या वर्षी दाखल, हजेरी किती टक्के, वाचन वयाच्या मानाने कुठे, कोणत्या मैत्रिणींच्या गटात, पुढच्या वर्षी काय सुरू होणार. हेडटीचरनी दीड पान लिहून दिलं. आम्ही काय लिहायला हवं ते सांगितलं नसतं तर दोन ओळी मिळाल्या असत्या.

आमच्या नोटिशीच्या पत्राला खात्याकडून चौदा दिवसांत उत्तर अपेक्षित असतं. आलं, आणि त्यात एकच सूर: आमचा निर्णय बरोबर आहे. मॅडमना जराही आश्चर्य वाटलं नाही. अप्पर ट्रायब्युनलमध्ये दावा दाखल केला, फील्ड हाउस नावाची इमारत आहे चॅन्सरी लेनजवळ. दाखल झालं आणि कागदोपत्री परवानगी मिळाली. या मधल्या महिन्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. साइनिंगला जायचं, यायचं, फोन वाजला की दचकायचं.

परवानगी मिळाल्यावर सरकारी वकिलांकडून कन्सेंट ऑर्डरचा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या संमतीने मिटवण्याच्या कोर्टाच्या आदेशाचा, मसुदा आला. पानभराचा सुद्धा नाही. मी वाचला आणि मला तो चांगला वाटला, नवऱ्याला तर पेढे आणायचे होते. मॅडमनी तो स्क्रीनवर उघडला आणि ओळीओळीवर थांबल्या. मी शेजारी बसले होते, म्हणून सांगू शकते की फी नेमकी कशाची असते.

पहिली ओळ, अर्जदार दावा मागे घेतील. ठीक, ते असणारच. दुसरी, निर्णयाचा फेरविचार केला जाईल. मॅडमनी तिथे लिहिलं, तो निर्णय आधी 'मागे घेतला जाईल' आणि मग नव्याने निर्णय होईल. नुसत्या फेरविचारात जुनं पत्र, त्यातल्या सर्टिफिकेटसकट, जिवंत राहतं. मागे घेतलं की चौघांचा मूळ अर्ज पुन्हा उभा राहतो. तिसरी ओळ, सहा महिन्यांत. त्यांनी तीन केलं. त्यापुढे 'विशेष परिस्थिती नसल्यास' हे शब्द होते, ते काढा असं मी म्हटलं. म्हणाल्या, ते जवळपास प्रत्येक ऑर्डरमध्ये असतात, त्यावर भांडून वेळ घालवायचा नाही. त्याऐवजी एक नवीन ओळ घातली: अर्जदार अठ्ठावीस दिवसांत आणखी कागद देऊ शकतील आणि ते विचारात घेतले जातील. रेड बुक, जीपीचं रेकॉर्ड, शाळेचं पत्र हे सगळं त्या ओळीतून आत गेलं. शेवटची ओळ खर्चाची. मसुद्यात होतं, ज्याचा त्याने सोसावा. मॅडम हसल्या. दाव्यात जे मागितलं ते सगळं मिळत असेल तर सामान्यतः खर्चही मिळतो, अपील कोर्टाने २०१२ च्या क्रॉयडनच्या एका निकालात हे मांडलंय. ओळ बदलून झाली: समोरची बाजू वाजवी खर्च देईल, रक्कम जमली नाही तर कोर्ट ठरवेल.

एक गोष्ट त्यांनी मागितली आणि मिळाली नाही. पुन्हा नकार आलाच तर या वेळी अपिलाचा हक्क राहील, असं लिहून हवं होतं. समोरून साफ नाही. मॅडमनी आम्हाला बोलावून समोरासमोर सांगितलं की हा धोका उरतो. पुन्हा सर्टिफाय केलं तर पुन्हा जेआर. सही करायची की नाही ते तुम्ही ठरवा, घरी जा, झोपा, उद्या सांगा.

नवऱ्याला सही करायची नव्हती. त्याला जजसमोर उभं राहून बोलायचं होतं, एकदा तरी कोणीतरी ऐकून घ्यावं एवढीच त्याची इच्छा. त्यावर त्या म्हणाल्या, जेआरमध्ये तुम्ही बोलणारच नाही. साक्षी नसतात, दोन बॅरिस्टर कायद्यावर वाद घालतात, तुम्ही मागच्या बाकावर बसता. ते ऐकून तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी सही केली. माझ्या मते या फर्मचं सगळ्यात मोलाचं काम हेच, केस कुठे थांबवायची ते त्यांना कळतं. सुनावणीपर्यंत ताणलं असतं तर फर्मला दोन-तीन टप्प्यांची फी जास्त मिळाली असती.

पैशाचा आणखी एक हिशेब सांगते. मूळ अर्जच जिवंत झाल्यामुळे अर्जाची फी पुन्हा भरावी लागली नाही. त्या कन्सल्टंटचं ऐकून उशिरा नवा अर्ज टाकला असता तर हेल्थ सरचार्ज, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाच्या अर्जाबरोबर भरायची रक्कम, नव्या दराने लागला असता. ६ फेब्रुवारी २०२४ ला तो मोठ्यांसाठी वर्षाला ६२४ वरून १,०३५ पौंड झाला, मुलांसाठी ४७० वरून ७७६. अडीच वर्षांचे दोन मोठे आणि दोन मुलं धरा, ९,०५५ पौंड, अर्जाची फी सोडून. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी फी माफीचा अर्ज असतो, तोही मॅडमनी आधीच सांगितला होता.

नवा निर्णय तीन महिन्यांच्या थोडा पुढे आला. चौघांनाही तीस महिन्यांची परवानगी. ही दहा वर्षांची वाट आहे, दर तीस महिन्यांनी नूतनीकरण, सरकारी भत्ते नाहीत. म्हणजे मिटलं ते प्रकरण, वाट अजून तेवढीच लांब. व्हिसाची कार्डं आली तर त्यावर मुदत ३१ डिसेंबर २०२४ छापलेली! माझ्या पोटात गोळा आला. फर्मला फोटो पाठवला, केसवर्करचं उत्तर तासाभरात: त्या वेळच्या सगळ्याच कार्डांवर फार तर तीच तारीख असते, कारण कार्डं बंद होऊन ई-व्हिसा येतोय, खरी मुदत पत्रात लिहिलीय ती. त्या उत्तराचं बिल लावलं नाही, हे मुद्दाम नोंदवते.

कारण बाकी सगळ्याचं लावलं. हा कापलेला स्टार. फर्म टप्प्यांच्या ठरीव फीबाहेरचं काम सहा-सहा मिनिटांच्या युनिटने मोजते. तीन मिनिटांचा फोन केला तरी एक युनिट, ईमेल वाचला एक युनिट, उत्तर दिलं आणखी एक. इथल्या वकिलांची ही रीतच आहे आणि करारात लिहिलेलंही होतं, पण 'टप्प्याबाहेर' म्हणजे नेमकं काय ते आधी कोणी नीट सांगितलं नाही. दिरांनी काळजीपोटी केलेल्या फोनांचं बिल पाहून घरात दोन दिवस शांतता होती. त्यानंतर आम्ही शिस्त लावली, प्रश्न वहीत साठवायचे आणि आठवड्याला एकच ईमेल.

दुसरं, मॅडम दिवसा भेटत नाहीत. उत्तर येतं ते रात्री नऊनंतर, तेही दोन ओळींचं. तिसरं, बंडलच्या, म्हणजे कोर्टात द्यायच्या कागदांच्या गठ्ठ्याच्या, पहिल्या प्रतीत आमचं आडनाव दोन वेगळ्या स्पेलिंगने छापलं होतं. मी पकडलं म्हणून बरं, ओळख पटवण्याच्या कामात ही चूक महागात पडली असती. आणि चौथं, समोरून मिळालेल्या खर्चाचा परतावा. ऑर्डर झाली म्हणून लगेच पैसे येत नाहीत, रकमेवर घासाघीस चालते. आम्ही भरलेल्यातले साधारण दोन तृतीयांश परत आले, पण व्हिसा मिळून बरेच महिने झाल्यावर, आणि दर वेळी आम्हीच विचारल्यावर.

कोणी जावं? ज्याच्या हातात नकाराचं पत्र आहे, मुदत चालू आहे आणि मुलं इथे वाढलीत, त्याने पत्राच्या पाकिटासकट लगेच जावं, पाकिटावरची तारीखसुद्धा कामी येते. फर्म सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या यादीत आहे का ते घरून बघून जा, कुठलीही असो. ज्याला रोज धीर देणारा माणूस हवाय त्याने जाऊ नये, तो तिथे मिळत नाही. साधा व्हिसा फॉर्म भरायचा असेल तर इतकी महाग फर्म नकोच.

थोरलीच्या बाबतीत तर त्यांनी स्वतःच काम नाकारलं. इथे जन्मून पहिली दहा वर्षं इथेच राहिलेल्या मुलाला १९८१ च्या नॅशनॅलिटी अॅक्टच्या कलम १(४) खाली ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदवून घेता येतं, आई-बापाचा व्हिसा काय हा प्रश्न त्यात येत नाही. ती २०२४ मध्ये दहाची झाली. मॅडम म्हणाल्या, फॉर्म टी आहे, तुम्ही घरी भरा, पुरावे तर आपण आधीच गोळा केलेत, मला पैसे कशाला देता. आम्ही तीच बंडलची प्रत लावली आणि भरला.

नूतनीकरणाची त्यांनी सांगितलेली फी मला जास्त वाटली. फॉर्म आम्हीच भरणार आहोत आणि पाठवण्याआधी फक्त तपासून घेणार आहोत. नुसत्या तपासणीचा त्यांचा वेगळा दर आहे, वेबसाइटवर तो दिसत नाही, फोन करून विचारावा लागतो. फोन करणार असाल तर आधी विचारा की त्या फोनचं युनिट लागणार का.